खेचरांना सातवा नंबर

वेंडेल क्रमली एकतीस वर्षं एकच काम करत आला होता, आणि त्या कामात त्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या पायनी वूड्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या त्या साखळीत, नव्हता. जुलै संपत आला की तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसायचा आणि कॉन्फरन्समधल्या आठ कॉलेजांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ हंगाम संपताना कुठल्या क्रमानं उभे असतील ते लिहून काढायचा. पहिला कोण, दुसरा कोण, तळाला कोण. ती यादी त्याचं मत म्हणून कॉन्फरन्सच्या कचेरीत जायची आणि त्याच आठवड्यात ‘पर्डम डिस्पॅच’मध्ये त्याच्या नावानिशी छापून यायची. बाकीचे पत्रकार अंदाज करायचे, वेंडेल सांगायचा. एकतीस वर्षांत पहिला नंबर त्याचा चारदाच चुकला होता, आणि त्यातल्या एका वर्षी वादळानं निम्मे सामने रद्द झाले होते, तेव्हा ते वर्ष धरायचं की नाही यावर अजून भांडणं होतात.

अलाबामातल्या पर्डम गावात एक कॉलेज, दोन चर्चं आणि एक मैदान आहे, आणि यांतलं महत्त्वाचं कोणतं हे सांगायला नको. संघाचं नाव ‘खेचरं’. हसू नका, गावात कुणी हसत नाही. खेचरांनी कॉन्फरन्स कधी जिंकलेली नव्हती. वरच्या दोन संघांत येऊन डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अंतिम सामना खेळणं, तेवढंसुद्धा त्यांच्या नशिबी कधी आलं नव्हतं.

तर त्या जुलैत वेंडेलनं यादी लिहिली आणि तो स्वतःच चपापला. पहिल्या ओळीवर त्यानं ‘पर्डम’ लिहिलं होतं.

उगाच नव्हे. एप्रिलमधल्या सरावाला तो रोज जात होता. जॉर्जियाहून एक नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा गडी, आला होता. ताडमाड उंच, तोंडातून शब्द नाही, आणि लांबवर चेंडू असा फेकायचा की समोरच्यानं नुसते हात पुढे करावेत. पुढची फळी सगळी चौथ्या वर्षाची, दणकट. कठीण सामने सगळे घरच्या मैदानावर. वेंडेलनं तीनदा खोडून पाहिलं, तीनदा तेच आलं. ज्याची एकतीस वर्षं वाट पाहिली ते कागदावर समोर बसलं होतं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि डार्बी आत आली. ही त्याची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, गावच्या ग्रंथालयात कामाला. वेंडेलनं चटकन कागद पालथा घातला आणि वर साखरेचं भांडं ठेवलं. छापून येईपर्यंत यादी कुणाला दाखवायची नाही, बायकोलासुद्धा नाही, हा त्याचा जुना नेम.

डार्बीनं कॉफी ओतून घेतली आणि समोर बसली. “डॅडी, मला एक शनिवार हवाय.”

“कुठला?”

“डिसेंबरचा पहिला. नील आणि मी लग्न करतोय.”

वेंडेलनं उठून तिला जवळ घेतलं, अगदी पोटभर. नील हॅल्वर्सन त्याला आवडायचा. मिनेसोटाचा, दगडधोंड्यांचा अभ्यास करणारा शांत मुलगा. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तिकडे थंडी फार असते, माणसं तशी व्हायचीच, असं वेंडेल समजून घ्यायचा. मग तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याच्या डोक्यात तारीख शिरली.

“दुसरा शनिवार घे की,” तो म्हणाला.

“दुसऱ्या आठवड्यापासून चर्चमध्ये ख्रिसमसच्या येशूजन्माच्या नाटकाचा गोठा उभा राहतो. ब्रदर लायल खऱ्या मेंढ्या आणतात. मी काय मेंढ्यांत उभी राहून लग्न लावू?”

“मग नोव्हेंबरातला शुक्रवार?”

“शुक्रवारी शाळांचे सामने. निम्मं गाव तिकडे.”

“बरं, रविवारी…”

“डॅडी.”

ती एवढंच म्हणाली. डार्बी जन्मली ती ऑक्टोबरात, शनिवारी, टेनेसीत खेचरांचा सामना चालू असताना. मुलगी झाल्याचं वेंडेलला कळलं ते मैदानावरच्या फोनवर, आणि फोन ठेवून तो पुन्हा सामना बघायला बसला. शनिवारी आलेले तिचे सगळे वाढदिवस बापासाठी रविवारी झाले, आदल्या दिवशीच्या केकच्या उरलेल्या तुकड्यावर पुन्हा मेणबत्त्या लावून. नवव्या वर्षी झाडावरून पडून तिचा हात मोडला तेव्हा बाप दवाखान्यात उगवला संध्याकाळी सातला, खिशात सामन्याच्या आकड्यांचा कागद घेऊन. पोरगी कधी एका शब्दानं बोलली नाही. पण ‘रविवार’ हा शब्द त्या घरात जरा जपूनच काढायचा असे.

“नीलची आजी एक्क्याण्णवची आहे, तिला हिवाळा वाढायच्या आत यायचंय,” डार्बी सांगत होती. “जानेवारीत नीलला तिकडे नोकरीवर हजर व्हायचंय. म्हणजे मीही गेलेच. हा एकच शनिवार आहे बघा. त्या दिवशी अंतिम सामना असतो, ठाऊक आहे मला. पण आपला त्याच्याशी संबंध काय येतो? यंदा आपण कितवे?”

ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

“सातवे,” तो म्हणाला.

“नक्की?”

“लिहून देतो.”

झालं! गेला शब्द तोंडातून. आता याला काय म्हणावं? अठ्ठावीस वर्षांत पोरीनं पहिल्यांदा एक शनिवार मागितला, आणि ‘नको, त्या दिवशी आपण जिंकणार आहोत’ हे तिला सांगायला त्याला तोंड नव्हतं. सातवे म्हटलं की निदान ती सकाळ निभत होती. पुढचं पुढे. कदाचित आपलंच चुकत असेल, क्वार्टरबॅकचा गुडघा दुखावेल, पोरं माजतील, काहीतरी होईलच. खेचरं आहेत, शेवटी माती खाणारच, असं त्यानं मनाला समजावलं.

डार्बीनं कप उचलले, टेबल आवरलं, बापाच्या टकलावर ओठ टेकवले आणि गेली. वेंडेलनं कोरा कागद घेतला. यादी सगळ्या गावाला दिसणार होती, तेव्हा तिथेही तेच लिहिणं आलं. सात, पर्डम. एकतीस वर्षांत त्यानं कागदावर खोटं लिहिलं नव्हतं आणि आज ते लिहायला त्याला अर्धं मिनिट लागलं. जुना कागद फाडून टाकावा म्हणून त्यानं साखरेचं भांडं उचललं तर खाली काहीच नव्हतं. नेव्हानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कचऱ्यात टाकला असेल म्हणून त्यानं नाद सोडला.

यादी छापून आली आणि गावानं वेंडेलला सोलून काढलं. परगावच्या पत्रकारांनीसुद्धा पर्डमला चौथं धरलं होतं, आणि घरचा माणूस सातवं म्हणतो म्हणजे काय! केस कापायला गेला तर न्हावी हात थांबवून म्हणाला, “वेंडेल, मानेवर वस्तरा आहे माझा. पुन्हा एकदा सांग कितवे?” पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे जाईल तिथे लोक त्याला दोन्ही हात वर करून सात बोटं दाखवायला लागले. ब्रदर लायल हे चर्चचे पाद्री, देवमाणूस. तेही प्रवचन संपवून खाली उतरले आणि हळूच सात बोटं दाखवून गेले.

आणि खरी मेख पुढेच होती. संघाचे प्रशिक्षक डब सॉल्टर यांनी वेंडेलची यादी कात्रण करून पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाराच्या वर चिकटवली. अशी कात्रणं सगळेच प्रशिक्षक चिकटवतात. अपमान उशाशी ठेवला की पोरं पेटून खेळतात. मैदानावर जाताना प्रत्येक खेळाडू उडी मारून त्या ‘सात’वर थाप मारायचा आणि मग बाहेर जाऊन समोरच्या संघाचा भुगा करायचा.

पहिला सामना चौतीस-दहा. दुसरा अठ्ठावीस-तीन. त्या दोन सामन्यांच्या मधल्या आठवड्यात लग्नाच्या दीडशे पत्रिका पोस्टात पडल्या.

चौथा सामना जिंकल्यावर वेंडेल सॉल्टरना त्यांच्या खोलीत गाठून म्हणाला, “डब, मी या आठवड्यात लिहितो की माझं चुकलं. यादी सुधारतो. ते कात्रण काढून टाक.”

सॉल्टर खुर्चीतून उठलेच. “मिस्टर वेंडेल, पाया पडतो तुमच्या. एक अक्षर बदलू नका! अहो, त्या सातवर तर आमचं दुकान चाललंय. गेल्या शनिवारी मध्यंतराला आम्ही मागे होतो. मी भाषण केलं नाही, नुसतं वर बोट दाखवलं.”

“अरे, पण मला खरोखर तसं वाटत नाही.”

“मग तर फारच उत्तम. आणखी सहा आठवडे खोटं बोला. गावासाठी एवढंही नाही करणार?”

वेंडेल बाहेर आला आणि गाडीत बसून राहिला. हंगाम बुडणार म्हणून त्यानं लिहिलेली ओळ हंगाम तारत होती. कुणाला सांगणार? गावाला सांगावं तर एकतीस वर्षांची अब्रू जाते, जो माणूस कधी खोटं लिहीत नाही म्हणून लोक सकाळी पेपर उघडतात त्यानंच लिहिलं. डार्बीला सांगावं तर ती विचारणार, मग तेव्हाच का नाही बोललात? तेव्हाच का नाही बोललो, याचं उत्तर त्याच्यापाशी होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. सगळीकडून दारं लागली होती आणि प्रत्येक दाराला कडी त्यानंच घातली होती.

घरी पत्रिकांची उत्तरं यायला लागली. आधी सगळे ‘आनंदानं येतो’. पाचव्या विजयानंतर ‘प्रयत्न करतो’. नेव्हा रोज दुपारी पेटीतून पत्रं आणायची आणि टेबलावर दोन गठ्ठे करायची. डावीकडचा वाढत नव्हता.

“तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही रे तिनं,” एक दिवस ती पत्र फोडता फोडता म्हणाली. “आता मागितलं, तर तू नेमका याच वर्षी चुकलास. एकतीस वर्षांत कधी एवढा चुकला नव्हतास. बरं जमलं तुला.”

नेव्हानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं पत्र फोडलं.

सहाव्या सामन्याला तर त्यानं पापच केलं. पत्रकार काचेमागच्या खोलीत बसतात आणि तिथे टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, हा नियम. वेंडेलनं तो जन्मभर पाळला होता. शेवटची चार सेकंदं उरली होती, खेचरं दोन गुणांनी पुढे, आणि समोरच्या संघाचा लाथ मारणारा चेंडू समोर ठेवून उभा होता. चेंडू दोन खांबांमधून गेला की पर्डम हरणार आणि अंतिम सामना दुरावणार. खाली बारा हजार माणसं हात जोडून उभी होती. त्यांत वेंडेल क्रमली हा एकच पर्डमकर टेबलाखाली मुठी आवळून म्हणत होता, जाऊ दे. देवा, आत जाऊ दे. चेंडू खांबावर आपटला आणि बाहेर गेला. खाली आकाश कोसळल्यागत आवाज झाला.

शेजारचा माँटगोमेरीचा पत्रकार त्याच्याकडे बघून म्हणाला, “वेंडेल, ओरडायला बंदी आहे, हसायला नाही. अरे, तुमचे जिंकले!”

वेंडेलला रडू फुटायच्या बेतात होतं. ज्या संघावर जीव टाकला त्याच्या वाईटावर टपून बसलो आपण, याची त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशीची बातमी त्यानं तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली.

सातवाही जिंकला. खेचरं पहिली आली, म्हणजे अंतिम सामना पर्डमलाच. टीव्हीवाल्यांनी वेळ ठरवली, दुपारी दीड. पत्रिकेत वेळ होती दोन. आणि चर्च कुठे? मैदानासमोर, रस्ता ओलांडला की.

मग घरी रीघ लागली. महापौरबाई स्वतः सुक्यामेव्याचा गोड ‘पिकन पाय’ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “डार्बी, बाळ, गावासाठी एक दिवस पुढे ढकललं तर?” जेवणाचं कंत्राट घेतलेल्या माणसानं हळूच सांगितलं की मांस भाजायची मोठी भट्टी मैदानावर न्यायची वेळ आली तर त्याचा नाइलाज आहे. ब्रदर लायल संघाबरोबर प्रार्थनेला जायचे, त्यांनी खाली मान घालून विचारलं की लग्न अकराला लावलं तर देवाची काही हरकत नसावी. डार्बी सगळ्यांना कॉफी द्यायची, गोडाचे तुकडे कापून द्यायची आणि एकच सांगायची, “पत्रिकेत दोन लिहिलंय.”

शेवटी वेंडेलनंही प्रयत्न केला. “अकराला काय वाईट आहे गं? सकाळचा उजेड छान असतो.”

“पत्रिकेत दोन लिहिलंय, डॅडी.”

“हट्ट कशाला करतेस पण?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी जुलैत पाहिलं होतं तसं. “तुम्ही लिहून दिलं होतंत,” ती म्हणाली आणि कप धुवायला गेली.

‘डिस्पॅच’चा संपादक पोटीट फोनवर मध सांडत होता. “वेंडेल, दुसऱ्या कुणाला पाठवू शकतो मी, पण तूच सांग, पाठवू का? एकतीस वर्षं! हे बघ, दोनला पोरीला वेदीपर्यंत सोड. वीस मिनिटांत लग्न लागतं. रस्ता ओलांड, मध्यंतराच्या आत तू खुर्चीत. मेजवानीला पुन्हा जा. कोण विचारतंय?”

वेंडेलनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मात्र शनिवारी सकाळी त्यानं काळा सूट चढवला तेव्हा आतल्या खिशात छोटी वही, पेन्सिल आणि मैदानाचा पास घातला. बघू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. त्याचा जीव तिकडे ओढ घेत होता, खोटं कशाला बोला! एखाद्यानं जन्मभर एका दारात उभं राहून वाट पाहावी आणि दार उघडतं त्या दिवशीच त्याला बोलावणं यावं, तसं झालं होतं.

पावणेदोनला चर्चच्या बाहेरच्या खोलीत बाप आणि लेक दोघंच उभी होती. आतलं मोठं दार बंद. फटीतून वेंडेलनं पाहिलं. नवऱ्या मुलाकडची उजवी बाजू भरलेली होती, मिनेसोटाहून बावीस माणसं आली होती आणि पहिल्या रांगेत ती एक्क्याण्णवची आजी ताठ बसली होती. डावीकडे, म्हणजे आपल्या बाजूला, नेव्हा, तिचा भाऊ, ग्रंथालयातल्या दोन बाया, आणि मागे कोपऱ्यात न्हावी, कानात सामन्याचा रेडिओ खुपसून. दीडशे पत्रिका. वेंडेलनं मोजायचं सोडून दिलं. वेदीपाशी मात्र ब्रदर लायल उभे होते. संघाला सकाळीच आशीर्वाद देऊन आले होते बिचारे.

बाहेरून बँडचा आवाज येत होता. सामना सुरू होऊन पाव तास झाला होता. एकदा मोठा गलका झाला आणि वेंडेलची मान आपोआप खिडकीकडे वळली. वळली ती वळली, वरून हातही खिशाकडे गेला.

“खिशातून दोरी लोंबतेय, डॅडी,” डार्बी म्हणाली.

पासाची निळी दोरी बाहेर आली होती. वेंडेलचं तोंड पडलं. “मी… पोटीट म्हणत होता की लग्न लागल्यावर…”

“असू दे.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. पांढऱ्या झग्यात ती त्याला फार उंच वाटली. “आपल्यात नवरीनं अंगावर एक जुनी वस्तू घालायची असते, माहीत आहे ना? आई म्हणाली आजीचे कानातले घाल. मी म्हटलं, माझ्याकडे आहे.”

तिनं फुलांच्या गुच्छाच्या फितीतून एक चौकोनी घडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. कागद मळका होता, एका कोपऱ्याला साखर चिकटून वाळली होती. पेन्सिलीनं लिहिलेली आठ नावं. पहिल्या ओळीवर पर्डम.

वेंडेलला खाली बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्ची नव्हती.

“कप उचलताना घेतला मी,” ती म्हणाली. “तुम्ही कधी पालथा घालत नाही. वहीत लपवता. पालथा घातलात तेव्हाच मला शंका आली.”

“म्हणजे तुला तेव्हापासून… पत्रिका छापायच्या आधीपासून?”

“महिनाभर आधीपासून.”

“मग दुसरी तारीख का नाही घेतलीस, पोरी? सगळं गाव तिकडे गेलंय. तुझ्या बाजूला कुत्रं नाही बसलेलं!”

“घरी जाऊन वाचला तेव्हा मी रडले,” डार्बी म्हणाली. “डॅडी माझ्यासाठी खोटं बोलले, आता कागदावरही खोटं लिहिणार, असं वाटून फार बरं वाटलं मला. एक दिवस वाटलं. मग दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं की तुम्ही मला शनिवार दिलाच नाहीत. सातवे म्हणजे तो दिवस रिकामाच. जो दिवस तुम्हाला नकोच असतो तो तुम्ही मला दिलात, आणि तो रिकामा आहे असं खोटं सांगून दिलात. मला आयुष्यभर उरलेलाच मिळालाय. रविवार, उरलेला केक, सातनंतरचा दवाखाना. मला एकदा भरलेला हवा होता. तुमचा जीव जिथे अडकलाय तो. म्हणून मी मुद्दाम दोनच लिहिलं.”

चार महिने तो ज्या कोंडीत तडफडत होता तिची किल्ली या पोरीच्या खिशात होती, आणि तिनं ती काढली नव्हती. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. नऊ वर्षांची डार्बी प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन दवाखान्याच्या दाराकडे बघत बसलीय, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. बारापासून सातपर्यंत ती तशीच बसली होती. हे त्याला नेव्हानं सांगितलं होतं, तेव्हाच, आणि त्यानं ऐकून घेतलं होतं.

आत ऑर्गन सुरू झाला.

“आणि मी आलोच नसतो तर?” त्यानं विचारलं. “तूही मनात यादी केली असशीलच. कितवा धरलास मला?”

“सातवा,” डार्बी म्हणाली. तिचा ओठ थरथरला, हसू की रडू ते तिलाही कळलं नसावं. “आठवा नाही धरला. आठवा धरवला नाही.”

वेंडेलनं खिशातून पास काढला, वही काढली, पेन्सिल काढली. ठेवायला जागा दिसेना. दाराशी छत्र्या ठेवायचा पितळी डबा होता, त्यात त्यानं तिन्ही टाकून दिली. जुनी यादी मात्र घडी करून पुन्हा तिच्या फितीत नीट खोचली.

त्याच वेळी मैदानावर असा आवाज उठला की खिडक्यांच्या काचा थरारल्या. आत न्हाव्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. एकतीस वर्षांत आवाजावरून वेंडेलला कधी विचारावं लागलं नव्हतं. गलक्याची जात तो झोपेतही ओळखायचा. हा आपल्या पोरांनी गुण मिळवल्याचा, हेही त्याला कळलं.

“काय झालं?” डार्बीनं विचारलं.

“नंतर सांगतो,” तो म्हणाला आणि कोपर पुढे केलं. “आता चल. दोन वाजले.”

दार उघडलं. डार्बीनं त्याचा हात धरला, आणि वेंडेल क्रमलीनं उजवा पाय आधी टाकला, कारण शुक्रवारी झालेल्या लग्नाच्या तालमीत तसं ठरलं होतं.